घाटातील वळण आणि संगणकाचे गणित

यवतमाळ जिल्हा सोडून पैनगंगा ओलांडणारा नागपूर-हैदराबाद हमरस्ता आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो आणि त्याचा जुना मार्ग पुढे महबूब घाटातून निर्मलला उतरतो. हा घाट २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. मुलूख काळ्या मातीचा, कापसाचा. कापूस वजनाच्या मानाने जागा फार व्यापतो. म्हणून मालमोटारीवरील रास उंच चढते आणि तिच्याबरोबर गाडीचा गुरुत्वमध्यही.

वळणावर गाडी उलटणे हे मुख्यतः ही उंची आणि दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर यांवर ठरते. उंच भरलेली मालमोटार पुष्कळदा बाजूचा जोर वजनाच्या ०.४ पटीच्या आसपास गेला की कलंडते. शंभर मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाला हा जोर ०.२८ पट असतो; ७२ ला तो ०.४१ होतो. अवघ्या बारा किलोमीटरांचे हे अंतर! चालकाला ते उमगेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

मोटारीच्या वळण्याचे शास्त्र १९५६ च्या सुमारास अमेरिकेतील कॉर्नेल वैमानिकी प्रयोगशाळेत लेनर्ड सेगल यांनी विमानविद्येच्या आधारे मांडले. पुढील दशकात तेथेच रेमंड मॅकहेन्री यांनी भरकटलेल्या मोटारीची गती अंकीय संगणकावर उभी केली. गाडी न मोडता अपघात अभ्यासण्याची सोय झाली खरी. पण ते अवजड यंत्र गाडीत कोठून मावणार? १९९५ साली बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून घसरती मोटार सावरणारी योजना बाजारात आणली. ती सावरते, परंतु तोल ढळू लागल्यावर.

उतार दिसताच बैल आवरणाऱ्या गाडीवानाची दूरदृष्टी यंत्राला देणारी पद्धत मोटारीसाठी जन्मलीच नव्हती. फ्रान्समधील जाक रिशाले यांनी १९७८ मध्ये ती कारखान्यांतील संथ प्रक्रियांसाठी प्रसिद्ध केली. पुढील काही क्षणांत काय घडेल याचे गणित करायचे, त्यातील उत्तम कृती निवडायची आणि लगेच गणित नव्याने मांडायचे, असा तिचा क्रम. मोटारीत हे सेकंदाच्या अंशात उरकावे लागते. २००७ मध्ये पाओलो फाल्कोने, फ्रान्चेस्को बोरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाळ रस्त्यावर सेकंदाला २१ मीटर वेगापर्यंत हे करून दाखविले.

कापसाच्या गाडीचा पेच मात्र निराळा. संगणकातील प्रतिकृती कारखान्यातून निघालेल्या गाडीची. घाटात येते ती प्रत्येक खेपेस वेगळी भरलेली. इंजिनाचा जोर आणि वाढणारा वेग यांवरून वजनाचा अंदाज बांधता येतो. राशीची उंची मात्र गाडी झुकू लागल्यावरच कळते. म्हणून आधीच्या सौम्य वळणावरील झुकाव मोजायचा आणि त्यावरून पुढच्या अवघड वळणाचा वेग ठरवायचा, हा मार्ग संशोधकांनी धरला आहे.