स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया : कसोटी जोडणीची

स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात गाठ झाल्यास बहुधा 'व्हिपल' शस्त्रक्रिया करावी लागते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली; त्यापूर्वी जर्मनीत वाल्टर काउश यांनी अशी शस्त्रक्रिया केली होती. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडतात.

एकेकाळी या शस्त्रक्रियेनंतर सुमारे चारपैकी एक रुग्ण दगावत असे. अनुभवी केंद्रांत हे प्रमाण आता ५ टक्क्यांखाली आले आहे. गुंतागुंत मात्र आजही बऱ्याच रुग्णांत होते. तिचे मुख्य कारण म्हणजे स्वादुपिंड व आतडे यांच्या जोडणीतून होणारी गळती. प्रथिने पचवणारा हा रस पोटात पसरला, की जंतुसंसर्ग होतो. जवळची रक्तवाहिनी झिजून प्राणघातक रक्तस्रावही होऊ शकतो. स्वादुपिंड मऊ आणि त्याची नलिका बारीक असल्यास टाके नीट धरत नाहीत व धोका वाढतो.

गळती टाळण्यासाठी शल्यविशारद विविध मार्ग अवलंबतात. कोणी नलिका थेट आतड्याच्या अंतस्त्वचेला सूक्ष्म टाक्यांनी जोडतात, कोणी स्वादुपिंडाचे टोक आतड्यात खोचून शिवतात, तर कोणी ते जठराला जोडतात. बारीक नलिकेत तात्पुरती नळी ठेवून रस बाहेर वळवता येतो. कापलेल्या रक्तवाहिनीच्या टोकाभोवती पोटातील चरबीच्या पडद्याचे आवरण गुंडाळण्याचीही पद्धत आहे. यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्वच रुग्णांसाठी सरस ठरलेली नाही.

शस्त्रक्रियेनंतरची देखरेखही तितकीच महत्त्वाची. पोटातील ड्रेनमधून येणाऱ्या द्रवातील 'अमायलेज' तपासून गळतीचा सुगावा लागतो. तिसऱ्या दिवशी वा त्यानंतर ते रक्तातील कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून अधिक असल्यास डॉक्टर सावध होतात. ते कमी असल्यास ड्रेन लवकर काढणे हिताचे ठरते. विनाकारण ठेवलेली नळी स्वतःच संसर्गाचे कारण बनू शकते.

म्हणूनच रुग्णाच्या नातेवाइकांनी कोणत्या पद्धतीने टाके घालणार, यापेक्षा या रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात आणि रात्री-अपरात्री रक्तस्राव झाल्यास अतिदक्षता विभाग व तातडीच्या उपचारांची सोय आहे का, हे आधी विचारावे. सरावलेले हात आणि सतर्क चमू यांचाच येथे खरा आधार असतो.