बीजभांडवल आणि एका अक्षराचा फरक

'बीजभांडवल' हा शब्द आपल्याकडे बँका आणि महामंडळे यांच्या योजनांमुळे रुळला. पिठाची गिरणी टाकणाऱ्याने, दुकान थाटणाऱ्याने ज्यासाठी अर्ज करावा ते हे भांडवल. विद्यापीठीय जगातही त्याचा एक भाऊबंद आहे. दोन वेगळ्या विभागांतील संशोधकांनी एकत्र येऊन काही नवे करून पाहावे, यासाठी दिली जाणारी ती लहानशी रक्कम. मोठे अनुदान मागायचे तर हाताशी पुरावा हवा आणि पुरावा जमवायचा तर आधी पैसा हवा. हे चक्र तोडणे एवढेच तिचे काम. ती मिळाली नाही तर काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घडलेला रोगप्रतिकारशास्त्राचा एक अलीकडचा इतिहास आम्हांला उद्बोधक वाटतो.

हंगेरीतील सेगेड येथे संशोधन करणाऱ्या कॅटलिन कॅरिको यांच्या प्रयोगशाळेचा निधी आटला आणि १९८५ मध्ये त्या कुटुंबासह अमेरिकेत आल्या. १९८९ पासून त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या. त्यांचा ध्यास एकच होता : संदेशवाहक आरएनए. जनुकातील मजकूर प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचवणारा हा पेशीतला हरकाऱ्या. त्याच्या हाती आपणच लिहिलेला निरोप दिला, तर औषध शरीर स्वतःच तयार करील, अशी ती कल्पना. अनुदानाचे अर्ज मात्र एकामागून एक नाकारले गेले. जो विद्यापीठाबाहेरून निधी आणू शकत नाही त्याला पुढे वाट नाही, हा तिथला रिवाज. १९९५ मध्ये कॅरिकोंची पदावनती झाली.

१९९७ मध्ये ड्रू वाइसमन हे रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक तिथे रुजू झाले. त्यांना एचआयव्हीवर लस हवी होती. नियतकालिकांतील लेखांच्या प्रती काढताना फोटोकॉपी यंत्रापाशी दोघांची ओळख झाली, असे दोघेही सांगत आले आहेत. कॅरिकोंकडे आरएनए घडवण्याचे कसब होते. वाइसमन यांच्याकडे रोगप्रतिकारक पेशींची जाण होती आणि निधीही होता. त्या निधीच्या आधारानेच कॅरिकोंचे काम तगून राहिले. बीजभांडवल मिळाले ते असे, सहकाऱ्याच्या वाट्यातून.

सहकार्यातून पहिल्यांदा हाती आली ती अडचण. प्रयोगशाळेत घडवलेला संदेशवाहक आरएनए रोगप्रतिकारक पेशींना परका वाटे आणि दाह उसळे. सस्तन प्राण्यांच्या पेशींतून मिळवलेला आरएनए मात्र त्या मानाने निमूट स्वीकारला जाई. असे का? जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्या वाचकाला याचे उत्तर परके वाटणार नाही. पेशी आपल्या मजकुरातील काही अक्षरांना किंचित वेगळे वळण देते. बनावट प्रतीत ते वळण नसते, आणि पहारेकरी तेवढ्यावरून ती ओळखतात. 'युरिडिन' या अक्षराच्या जागी 'स्यूडोयुरिडिन' घातले, म्हणजे अणू तेच पण जोडणी निराळी, आणि दाह शमला. हा शोधनिबंध २००५ मध्ये 'इम्युनिटी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आरएनए जाणणाऱ्याला हा प्रश्न पडला नसता. रोगप्रतिकारशास्त्रज्ञाला त्याचे उत्तर घडवता आले नसते.

निबंधाचे फारसे स्वागत झाले नाही. २०१३ मध्ये कॅरिको जर्मनीतील बायोएनटेक कंपनीत गेल्या. मग २०२० मध्ये कोविडच्या लसी आल्या. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना या दोन्ही लसींत त्याच बदललेल्या अक्षराचे एक सुधारित रूप होते. २०२३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही कथा आता उपेक्षित प्रतिभेच्या अंतिम विजयाची म्हणून सांगितली जाते. आम्ही साहित्याचे अध्यापक. या कथानकाचा मोह आम्हांला चांगलाच ठाऊक आहे. कवीचे दारिद्र्य वाङ्मयेतिहासात असेच अलंकारासारखे मिरवले गेले आहे. पण शेवट ठाऊक असलेला इतिहासकार एक गोष्ट विसरतो : जी भेट झाली नाही, जो अर्ज पुन्हा केला गेला नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. उपेक्षेने कॅरिको घडल्या असे म्हणणे म्हणजे दुष्काळाने पीक आले असे म्हणणे होय. त्या तगल्या, कारण कुणीतरी आपल्या वाट्यातले दिले.

आमच्या महाविद्यालयांत दोन विभागांनी मिळून काही करायचे म्हटले की पहिला प्रश्न 'निष्पत्ती काय?' असा येतो. पेरणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारीत नाही. तो बियाणे हातचे जाणार हे धरूनच चालतो. विद्यापीठाने एवढी जोखीम पत्करायची नाही, तर दोन माणसांची गाठ फोटोकॉपी यंत्रापाशी पडेल या भरवशावर ज्ञानव्यवहार किती काळ चालवायचा?