टेंब्यांची भेसळ

परवा कबनूरात कट्ट्यावर वाद रंगला. एक आजोबा म्हणाले, "हल्लीचं गाणं म्हणजे नुसती भेसळ. नाट्यसंगीत बघा, कसं शुद्ध!" तिथं गप्प बसलो. घरी येऊन हे लिहितोय.

मंडळी, त्या 'शुद्ध' गाण्यात मोठा हात आपल्याच कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांचा. १९११ साली किर्लोस्कर मंडळीनं खाडिलकरांचं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं, चाली टेंब्यांच्या. तोवर नाटकात साकी, दिंडी, कीर्तनी वळणाच्या चाली भरपूर. टेंब्यांनी थेट बनारस-लखनौकडची ठुमरी, दादरा, कजरी उचलली आणि मराठी शब्दांवर बसवली. कोठीवरचं गाणं घरंदाज नायिकेच्या तोंडी! आज तीच पदं आपण डोळे मिटून ऐकतो.

माणूस एका जागी थांबणारा नव्हता. पेटी बरीचशी स्वतःच शिकला. भास्करबुवा बखल्यांना साथ केली. बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली, दोनेक वर्षांत सोडलीही. १९३२ ला 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला. मराठीतला पहिला बोलपट, तोही कोल्हापुरात बनलेला. त्यात हरिश्चंद्र टेंबेच, संगीतही त्यांचंच. वय पन्नास. पार्श्वगायन वगैरे काही नव्हतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहूनच गायचं.

आणि ती पेटी? परदेशी वाद्य, आपल्या गाण्याला चालत नाही, म्हणून रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली. १९५५ साली टेंबे गेले, तेव्हाही ती उठली नव्हती.