गिरीश इरनाक
ठाणे जिल्ह्यातील कबड्डीपटू. गिरीश मारुती इरनाक यांचे नाव झाले ते चढाईमुळे नव्हे, तर पकडीमुळे. डावा कोपरा ही त्यांची जागा. कोपरारक्षकाची झेप क्षणभर चुकली तरी चढाईपटूला गुण मिळतो आणि रक्षक बाद होतो. त्यामुळे येथे ताकदीइतकाच संयम लागतो. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे सेनादलाला नमवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावणाऱ्या महाराष्ट्र संघात ते होते. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकलेला भारत तेथे उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला व कांस्यपदकावर थांबला. पाठोपाठच्या प्रो-कबड्डी हंगामात पुणेरी पलटणने कर्णधारपद चढाईपटूऐवजी या कोपरारक्षकाकडे सोपवले.