बालहट्ट : एका शब्दाचा आणि एका चळवळीचा इतिहास

मराठीत मूल हट्ट धरते आणि आईबाप तो पुरवतात किंवा मोडतात. हट्टाच्या संदर्भात वडीलधाऱ्यांसाठी भाषेने रूढ केलेली मुख्य क्रियापदे ही दोनच होत. हट्टामागे काय आहे याची विचारपूस करणारे तिसरे क्रियापद तितके रूढ झाले नाही. शब्दाचे मूळही बोधक आहे. संस्कृत 'हठ' म्हणजे बळजोरी. 'हठात्' या रूपात हा अर्थ आजही स्पष्ट आहे. म्हणजे घरातील सर्वांत दुर्बल व्यक्तीच्या नकाराला बळजोरीचे नाव मिळाले आणि तिच्यावर चालणाऱ्या बळाला मात्र शिस्त, वळण, शिक्षा अशी सभ्य नावे लाभली. त्यांपैकी 'शिस्त' हा फारसीतून आलेला शब्द मूळचा नेम धरण्याचा. 'वळण' जसे वागण्याला तसे अक्षरालाही लावतात. आणि 'शिक्षा' या शब्दाने, जो संस्कृतात व हिंदीत विद्यादानाचा वाचक आहे, मराठीत दंडाचा अर्थ धारण केला. एकाच धातूपासून आलेले 'शिक्षण' आणि 'शिक्षा' हे शब्द मराठी मुलाला शाळेच्या एकाच खोलीत भेटत असत.

या शब्दव्यवहारामागे एक जुना संकेत उभा आहे. पाच वर्षे लाड करावेत, पुढील दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागताच मुलाला मित्राप्रमाणे वागवावे, असे चाणक्याच्या नावावर चालणारे एक सुभाषित सांगते. पंतोजींच्या शाळांनी यातील मधली दहा वर्षे विशेष निष्ठेने पाळली. अंगठे धरायला लावणे आणि छडी ही धुळपाटीइतकीच शाळेची साधने होती. जो मुलगा शिकत नाही तो 'ढ'. (ब्राह्मीपासून ज्याचे रूप फारसे बदलले नाही असे हे अक्षर, म्हणून ही पदवी, अशी एक उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, दोष अक्षरासारखाच मुलात कायमचा कोरलेला आहे ही समजूत तीत नेमकी उतरली आहे.)

या समजुतीला पहिला पद्धतशीर धक्का पश्चिम भारतात बसला तो गुजरातीतून. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाच्या संगोपनाच्या निमित्ताने ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. त्यांनी पालकांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकाचे नावच 'माबाप थवुं आकरुं छे', म्हणजे आईबाप होणे कठीण आहे, असे आहे. या नावाने प्रश्नाची जागा बदलली. तोवर मूल कठीण होते. आता पालकत्व कठीण झाले.

गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' (१९३२) हे या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगे आहे. त्यातील शिक्षक प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. चौथी म्हणजे सुभाषिताने ताडनासाठी राखून ठेवलेलेच वय. पहिल्या दिवशी तो माँटेसरी पद्धतीचा शांततेचा खेळ योजतो आणि तो साफ फसतो. मुले गोंगाट करतात आणि वर्ग लवकर सोडावा लागतो. पुढे मुले वळतात ती गोष्टींनी. येथे गिजुभाईंचा प्रामाणिकपणा दिसतो. परदेशी पद्धतही मुलांवर वरून लादली तर तीही हट्टालाच जन्म देते, हे त्यांनी आपल्याच नायकाच्या फजितीतून दाखवले. मुलाला अभ्यासाला बसवण्यासाठी छडी नको हे अनेकांनी मान्य केले असते. बक्षीस आणि चढाओढही नको, कारण भय आणि लालूच या दोहोंत गोडी कामाची लागत नाही, हे त्यांचे म्हणणे पचायला अधिक जड होते. आजही ते तसेच आहे.

हा विचार मराठीत आणण्याचे श्रेय ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे. राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३३ मध्ये त्यांची 'शिक्षणपत्रिका' मराठीतून निघू लागली. योगायोग असा की, त्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिले. त्यात पोहायला भिऊन दडून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवते आणि मग मायेने जवळ घेते. मराठी मनाला हे चित्र अतिशय प्रिय आहे, आणि त्यातील माया खोटी नाही. परंतु श्यामचा नकार हट्ट नव्हता, भीती होती. त्या भीतीची चौकशी करण्याआधी शिंपटी उचलली गेली, एवढेच बालशिक्षणाची चळवळ म्हणत होती. दोन्ही विचार एकाच दशकात, एकाच वाचकवर्गापुढे आले. घरोघर पोचले ते पुस्तक. पत्रिका पोचली ती प्रामुख्याने शिक्षकांपर्यंत आणि थोड्या सुशिक्षित पालकांपर्यंत.

चळवळीची मोठी उणीवही येथेच होती. मुलाचे निरीक्षण करा, त्याला स्वतःच्या हाताने करू द्या, घाई करू नका, हा सल्ला ज्या आईला द्यावयाचा तिच्याजवळ सवड असावी लागते. ताराबाईंनी ही उणीव ओळखली असावी असे त्यांच्या पुढील वाटचालीवरून म्हणता येते. १९४५ मध्ये त्यांनी दादर सोडून बोर्डी येथे ग्रामीण बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडीत वस्तीतील मुले येत नाहीत असे दिसले, तेव्हा 'यांना शिक्षणाची आवडच नाही' हा तयार निष्कर्ष हाताशी होता. तो न स्वीकारता बालवाडीच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द या प्रयोगातला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर गेला.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. डहाणू तालुक्यातील वारली मुले शाळा चुकवतात याचे कारण शोधता असे दिसले की, ती गुरे राखतात. घरची धाकटी भावंडेही त्यांच्याच गळ्यात असतात. म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आले आणि शिक्षक कुरणावर गेला. 'कुरणशाळा' हे तिचे नाव. ज्याला अनास्था म्हटले जात होते, तो दिवसभराचा रोजगार होता. बालहट्टाच्या इतिहासात याहून स्वच्छ उलगडा क्वचितच सापडेल.

कुमारवयाकडे मात्र या चळवळीचे लक्ष फार थोडे गेले. तिचे बहुतेक लेखन अडीच ते सहा वर्षांच्या मुलांविषयी आहे. सोळाव्या वर्षी मित्र व्हावे असे सांगणारे सुभाषित येथे तिच्यापेक्षा एक पाऊल पुढे होते, जरी मधल्या दहा वर्षांच्या ताडनानंतर ही मैत्री कशी जमावी ते त्याने सांगितले नाही. ती जागा पुढे शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी 'अभिप्रेरणा' या संज्ञेने भरली. संज्ञा निर्दोष आहे. पण पालकांच्या बोलण्यात ती येते ती बहुधा 'अभाव' या शब्दासह, आणि मग ती 'ढ'चेच काम अधिक सभ्यपणे करू लागते.

शाळेतील मारझोडीला आणि मानसिक छळाला २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी केली. हे कलम शाळेपुरतेच आहे. घराच्या उंबरठ्याशी ते थांबते, आणि उंबरठ्याच्या आत हट्ट अजून पुरवला किंवा मोडलाच जातो.