बचूबाई कुणाची मुलगी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात गोदरेजचं कपाट आहे का? आमच्याकडे आईच्या लग्नातलं आहे, अजून दार करकरत नाही. आजची गोष्ट त्या कपाटावरच्या नावाशी जोडलेली आहे. पण ती सुरू होते फोर्टमध्ये, राजाबाई टॉवरवर.

तारीख २५ एप्रिल १८९१. इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती. बचूबाई आणि फिरोजबाई या एकमेकींच्या नात्यातल्या दोन तरुण पारशी मुली टॉवर बघायला वर गेल्या. थोड्याच वेळात दोघी खाली पडलेल्या सापडल्या. दोघींचाही जीव गेला. शहर हादरलं. कुणी म्हणालं खून, कुणी म्हणालं अब्रू वाचवायला उड्या मारल्या. एका पारशी तरुणावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. कोर्टानं सोडलेल्या माणसाचं नाव मी इथे घेत नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत हा खून कधी सिद्ध झालाच नाही, हेही लक्षात ठेवा.

बचूबाई अर्देशीर गोदरेजची बायको होती. हाच अर्देशीर पुढे वकील झाला, १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांझिबारला गेला, वकिली सोडून परत आला आणि १८९७ मध्ये त्यानं मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. १९३६ मध्ये तो गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, धंदा भाऊ पिरोजशानं पुढे नेला.

खरं सांगतो, या भागाची तयारी करताना मला आधी 'कुणी केलं?' यातच रस होता. मग हॅली रुबेनहोल्ड यांचं २०१९ चं 'द फाइव्ह' वाचलं. लंडनमध्ये १८८८ साली जॅक द रिपरनं मारलेल्या पाच बायकांवरचं हे पुस्तक. त्यात खुनी जवळजवळ नाहीच. त्या बायका कुणाच्या मुली होत्या, कुठे जन्मल्या, लग्नं कधी झाली, हे जनगणनेचे कागद आणि चर्चची रजिस्टरं यांवरून लावलंय. एलिझाबेथ स्ट्राइडचा माग तर थेट स्वीडनमधल्या टोर्सलांडा गावापर्यंत जातो, १८४३ च्या जन्मनोंदीपर्यंत.

म्हटलं, आपण बचूबाईचं असं करून बघू. मरोळ नाक्याला मेट्रोत चढलो आणि फोनवर तिचं नाव टाकलं. जे काही समोर आलं, त्यात ती अर्देशीरच्या चरित्रातला एक परिच्छेद होती. नाव बघा: बचूबाई अर्देशीर गोदरेज. तीन शब्दांतले दोन नवऱ्याकडचे. माहेर त्यात कुठेच नाही.

मग जनगणना? ब्रिटिश हिंदुस्थानातली जनगणना झाली २६ फेब्रुवारी १८९१ ला, म्हणजे बचूबाई जाण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. इंग्लंडमधली झाली त्याच वर्षी ५ एप्रिलला. तिकडचे घरोघरचे कागद जपून ठेवले आणि शंभर वर्षांनी खुले केले. आज कुणीही आपल्या खापरपणजीचं नाव, वय, जन्मगाव त्यात बघू शकतं. आपल्याकडे बेरजा छापल्या, नावांचे कागद ठेवले नाहीत. बचूबाई त्या जनगणनेत असेल तर एका आकड्यात मिसळून गेलेली.

दुसरी अडचण आडनावाची. अर्देशीरच्या वडिलांनी, बरजोरजींनी, घराण्याचं नाव बदलून 'गोदरेज' केलं ते जानेवारी १८७१ मध्ये. त्याआधीचं नाव 'गुथेराजी'. त्यामुळे त्याच्या आधीच्या नोंदींत 'गोदरेज' शोधलंत तर काहीच हाती लागणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी कीच बदलली. माणूस तोच, पण जुन्या आणि नव्या नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत.

पण एक वाट आहे, आणि मला ती फार आवडली. पारशी समाजासाठी १८६५ साली विवाह आणि घटस्फोटाचा कायदा झाला. लग्न लागल्यावर दाखला करून त्याची नोंद करणं त्यात सक्तीचं केलं. त्या दाखल्याच्या नमुन्यात नवरा-नवरीच्या वयाचा रकाना आहे, राहण्याच्या जागेचा आहे आणि दोघांच्याही वडिलांच्या नावाचा आहे. खाली लग्न लावणाऱ्या धर्मगुरूची सही, साक्षीदारांच्या सह्या आणि नवरा-नवरीची सही; पण त्यांना एकवीस वर्षं पूर्ण नसतील तर त्यांच्याऐवजी वडिलांची किंवा पालकाची.

म्हणजे 'अमक्याची बायको' पासून 'अमक्याची मुलगी' पर्यंत नेणारा तो एकच कागद. टॉवरच्या प्रकरणात तिच्याबद्दल बोलले ते पोलीस, वकील, डॉक्टर, पेपरवाले.

हे सगळं मी शेजारच्या ईस्ट इंडियन आंटींना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या बाप्तिस्म्याच्या बुकात आईचं नाव पण असतं रे." मी जिथे कामाला जातो त्या सीप्झच्या आवारात १५७९ मध्ये बांधलेलं पडकं चर्च आहे. १८४० च्या सुमारास साथीनंतर लोक ते सोडून मरोळ गावात आले, येताना मूर्तीही घेऊन आले. इमारत मागे राहिली, पण बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायची रीत माणसांबरोबर चालत आली.

आणि आपल्याकडे? आमचे काका त्र्यंबकेश्वरला गेले होते. तिथल्या उपाध्यायांनी पोथी काढून आमच्या घराण्याची नावं वाचली. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, सगळे आले. पणजी आली ती 'लक्ष्मी' म्हणून. हे तिचं सासरचं नाव. लग्नात तांदळात लिहून नाव बदलायची पद्धत आपल्याला गोड वाटते, पण वंशावळ शोधणाऱ्यासाठी तिथेच दोरा तुटतो. मी आजोबांना फोन केला. विचारलं, "तुमच्या आईचं माहेरचं नाव काय होतं?" बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिला कुणी विचारलंच नाही रे कधी."

बचूबाईचं निदान नाव तरी राहिलं, तेही नवरा मोठा झाला म्हणून. तिच्याबरोबर पडलेल्या फिरोजबाईच्या मागे असं कुणी नव्हतं, म्हणून गोष्ट सांगताना लोक तिला 'आणि दुसरी एक' म्हणून मोकळे होतात. आणि तो टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावानं बांधवला. राजाबाई. म्हणजे तिथेही एक बाई आणि तिचा नाव लावणारा मुलगा.

खून होता की नाही, हे आता १३० हून अधिक वर्षांनी मी मेट्रोत बसून ठरवू शकत नाही. पण ती कुणाची मुलगी होती, हा प्रश्न विचारायला कुणाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

तर आज एक काम करा. आजी असेल तर तिला फोन लावा. तिचं आणि तिच्या आईचं माहेरचं नाव, आडनाव, गाव विचारा. फोनमध्ये लिहून ठेवा, तारखेसकट. आमच्याकडे ते विचारायला उशीर झाला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!