दाढ बधिर, दाढ बरी

१८८४. कापसाची वेचणी चालू आहे. तुम्ही वऱ्हाडातल्या धामणगाव बढ्यात आहात. वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभार इंग्रजांचा. खालची दाढ रात्रभर ठणकली आहे.

"किडा लागला तिले," म्हातारी म्हणते आणि निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकते. डोक्यावर घोंगडी घेऊन तुम्ही धुरी तोंडात घेता. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. मग दाढेखाली लवंग. हिरडी बधिर होते, तासाभराने ठणका परत येतो. किडा नव्हताच. दाढेतला मऊ गर सुजलाय आणि चहूबाजूंनी कडक भिंती असल्याने त्या सुजेला पसरायला जागा नाही.

त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये हॅल्स्टेड आणि हॉल हे डॉक्टर खालच्या जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून जबडा बधिर करतायत. स्वतःवर प्रयोग करता करता हॅल्स्टेडना त्याचं व्यसन जडतं.

१९५२. मलकापूरला गाडीत बसून तुम्ही मुंबई गाठता. १९३३ पासून चालू असलेल्या नायर दंत महाविद्यालयात सुई टोचली जाते, जबडा जड होतो, चिमटा लागतो. दुखत नाही. दाढही उरत नाही. कोकेनच्या जागी आलेल्या प्रोकेनला मागे टाकणारं, स्वीडनच्या लोफग्रेननी घडवलेलं लिग्नोकेन चारच वर्षांपूर्वी बाजारात आलंय.

आता आज. मलकापुरातली खुर्ची, डोळ्यांवर दिवा. सुईत २ टक्के लिग्नोकेन आणि १:८०,००० अ‍ॅड्रेनालीन. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून औषध लवकर वाहून जात नाही. ओठ जड झाला. तरी ड्रिल आत शिरताच कळ मस्तकात जाते! सुजलेल्या गरातल्या नसा इतक्या चेतलेल्या असतात की औषध त्यांना पुरतं अडवत नाही. डॉक्टर थांबतात, दाढेच्या मुळालगत आणखी एक सुई देतात. आता खरंच काही जाणवत नाही.

वरचा बिघडलेला गर निघतो. ओला बोळा दाबून डॉक्टर रक्ताकडे बघत बसतात. काही मिनिटांत थांबलं, तर खालचा गर जगण्याची आशा. वाहतच राहिलं, तर बहुधा रूट कॅनाल. तुमचं थांबतं. उघड्या गरावर एमटीए बसतं, १९९०च्या दशकात अमेरिकेत तोराबिनेजाद यांनी पुढे आणलेलं सिमेंट. वर घट्ट फिलिंग. हा घट्टपणाच महत्त्वाचा, तोच जंतूंना बाहेर ठेवतो: १९६५च्या एका प्रयोगात जंतुविरहित उंदरांचा उघडा पडलेला गर आपोआप भरून आला, साध्या उंदरांचा सडला.

"दोन-तीन तास गरम चहा नको, तोंड भाजेल; काही चावूही नका, गाल चावला जाईल. आणि सहा महिन्यांनी एक्स-रेला या."

"नाही दुखलं तरी?"

"तरीही. मेलेला गरही दुखत नाही."